मागचा डावा

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. रात्रीचे पावणेदोन.
फाइल सहा चॅनलची, आणि प्लेअर
दोनच स्पीकरांतून खाडी वाजवतोय,
इस्त्री मारल्यासारखी सपाट.

सुधन्वानं घणसोलीच्या धक्क्यावर
चिखलात माइक रोवून पकडली होती ती.
मी कोडेक बदलला. सगळंच गप्प.
मग सेटिंगच्या तळाशी ‘स्टिरिओ’वरची खूण
काढली, ५.१ वर ठेवली,
आणि वाळत घातलेल्या टॉवेलमागचा स्पीकर
घेतल्यापासून पहिल्यांदा खाकरला.

समोर होडीचं इंजिन. उजवीकडे बगळे.
मधोमध दर्यानाथ वैती दोरी मागतोय.
आणि मागे, डाव्या कानाच्या जरा खाली,
कुणीतरी म्हणालं,
‘डास फोडून खातायत रे, अजून किती वेळ?’
मी वळून पाहिलं. भिंत, कॅलेंडर.

आवाज माझाच. नऊ वर्षांपूर्वीचा.

त्या पहाटे मी आलोच नव्हतो,
यावरून तर आमचं बिनसलं होतं.
तो म्हणायचा, होतास.
मी म्हणायचो, सिद्ध कर.

दोन वाजता कुणाला फोन करायचा नसतो.
बाकीचे पाच चॅनल बंद केले,
सात सेकंद मागे गेलो.
माझ्या कुरकुरीनंतर, अगदी माइकजवळ,
त्याचं ‘श्श’.