यादीतलं सतरावं नाव

बकरी ईदला अजून महिना.
इब्रीच्या गुरांच्या बाजारात
सोहार बंदरावरून आलेल्या मेंढ्या
ट्रकमधून उतरताना एकमेकींवर पडतात,
आणि तापलेल्या सिमेंटवर
एकीच्या कानामागून काहीतरी गळतं,
एरंडीच्या बीसारखं,
राखाडी, टच्च फुगलेलं.

शफीकुलने ते नखावर घेऊन चिरडलं.
कुणीही चिरडलं असतं.
मीही भेडशीच्या गोठ्यात
म्हशीच्या कासेजवळचे गोचीड उपटून
दगडाने फोडायचे,
आणि हे रक्त नक्की कुणाचं
असा प्रश्न मला कधी पडला नाही.

मेंढीला काही होत नाही.
ती चरते, रवंथ करते,
विषाणू तिच्या अंगात पाहुण्यासारखा राहून
आठवड्याभरात निघून जातो.
माणसाकडे मात्र तो
घर पाडायलाच येतो.

चौथ्या दिवशी दोघांनी शफीकुलला खांद्याला धरून आणलं.
पाठ मोडून येतेय म्हणाला.
उजेड नको म्हणाला.
पाचव्या दिवशी हिरड्या लाल,
आणि सुई टोचली तिथे
पिकल्या जांभळाएवढा डाग.
डॉक्टर रय्या म्हणाल्या, दार लावा.
मग त्या दाराबाहेर आणखी एक दार आलं.

यादी करणं माझं काम.
त्याच्या खोलीतले सात,
त्याच परातीत जेवणारे दोन,
कापण्याच्या ओट्यावरचे चार,
टॅक्सीवाला, ज्याने सीट आपल्या ओढणीने पुसली,
मालक, जो म्हणतो मी त्याला हातही लावला नाही,
आणि मालकाचा धाकटा, जो म्हणतो लावला होता.
सोळा.
सगळ्यांना एकेक थर्मामीटर,
सकाळ-संध्याकाळ फोन, चौदा दिवस.

सहाव्या रात्री त्याला शिंक आली.
नाकात रक्त होतं.
माझा चष्मा वाफेने धुरकटला होता म्हणून
मी तो बोटभर वर केलेला.
तेवढंच.
पंधरा मिनिटं डोळा नळाखाली धरला,
मग परत येऊन स्वच्छ अक्षरात लिहिलं:
सतरा. हेमलता गवस. परिचारिका. डावा डोळा.

आमच्या दोडामार्गात याच्याच जातीचा दुसरा आहे,
माकडताप.
काजूच्या बागेत माकडं मरून पडायची,
आणि परुळेकर आरोग्यसेवक घरोघर
बाटलीतलं तेल वाटायचा,
अंगाला लावा, मगच रानात शिरा.
बाबांना त्याचा वास सोसायचा नाही.
त्यांनी ते मागच्या दाराच्या बिजागरीला घातलं.
दार छान सुटं झालं,
जराही कुरकुरत नव्हतं
त्यांना त्याच दाराने बाहेर नेलं तेव्हा.

छत्तीस पूर्णांक सहा.
छत्तीस पूर्णांक आठ.
आई फोनवर विचारते, जेवलंस काय गो?
मी हो म्हणते.
आवाज असो कशान तुझो?
मी म्हणते, एसी.
नवव्या दिवशी सदतीस पूर्णांक तीन,
आणि मी भिंतीला पाठ लावून बसले,
पाठ दुखते का हे कळावं म्हणून.
दुखत होती. ती तर
बारा वर्षं दुखतेय.
संध्याकाळी पारा उतरला.

चौदाव्या दिवशी डॉक्टर रय्या
खजुराचा डबा घेऊन आल्या,
आणि काहीच न बोलता
माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.
शफीकुल वाचला.
शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा
बुडालेल्या दिवसांचा पगार विचारला.
त्याच्या खोलीतला एक, आठवा, वाचला नाही.
तो माझ्या यादीत नव्हता.
तो रात्रपाळीला असायचा,
शफीकुलच्याच गादीवर दिवसा झोपायचा,
आणि कुणी मला सांगितलं नाही
कारण मी खाटा मोजल्या,
झोपणारे मोजले नाहीत.

आता ईदच्या सकाळी
मी नगरपालिकेच्या कत्तलखान्याच्या फाटकाशी उभी आहे.
गुरांवर फवारणी झालीय,
पाच भाषांत फलक लागलेत,
गोचीड नखाने फोडू नका,
घरी कापू नका, इथे आणा.
रांग लांब आहे, हे चांगलं आहे.
एक म्हातारा खाटीक
डाव्या हातातच मोजा घालून उभा.
उजव्यात सुरी घसरते, म्हणतो.
मी त्याला दुसरा मोजा देते.
तो मान डोलावतो, शुक्रिया म्हणतो,
आणि घडी करून
खिशात ठेवतो.