लोह

वडगावातून रिक्षानं आलो, सासूबाई आणि मी.
मधे माझी कंबर, तिसऱ्या बाईसारखी.
अकरा वर्षं मागापुढं उभ्यानं गेली,
आता मणक्यात कायतरी गुंतलंय.

फॉर्म कानडीत, पाठीमागं इंग्रजीत.
नर्सनं वाचून विचारलं, बिल्ल्यावर नाव शिवलीला,
"मैयाग लोह ऐतेन्रि?"

डोरलं काढलो. जोडवी काढलो, साबण लावून.
बांगड्या काचेच्या, त्या राहू दे म्हणाली.
केसातल्या पिना सासूबाईंनी मोजून घेतल्या, सात,
पदराच्या टोकाला बांधल्या.
"आणखी काय लोह?"

आमच्यात लोह म्हणजे लोखंड.
तिच्यात सगळेच धातू.
तेवढ्या फटीत माझं तांबं बसलं होतं,
चार वर्षांमागं, धाकटी झाल्यावर,
सिव्हिलमध्ये बसवून घेतलेलं.
नवऱ्याला ठाऊक नाही.
सासूबाई दर पुनवेला यल्लम्माला नातू मागतात.
कार्ड बॉबिनच्या डब्यात, तळाला.

त्यांना पाणी आणायला धाडलो, मग सांगितलो.
शिवलीलानं पेन थांबवलं, आवाज उतरवला,
मराठीत आली:
"तांब्याची नव्हं? स्टीलची रिंग तर नाही?"
तांब्याची.
आत जाऊन कुणाला तरी विचारून आली.
"तांब्याला हे मशीन ओढत नाही. चालतंय.
तरी पोटात कसं वाटलं तर हातातला फुगा दाब."
आणि जाता जाता,
"दोरा तपासून घेतेस काय मधेअधे?"
हसू आलं मला.
दिवसभर दुसरं काय करतो मी.

आत थंडी. अंग नळीत सरकलं
आणि सुरू झालं:
खटक-खटक, खटक-खटक, मधेच कर्रर्र.
लोकं भितात म्हणे.
मला वाटलं आमच्या सावकाराचा तिसरा माग,
ज्याचा धोटा कायम अडकतो.
डोळे मिटून वाट बघत राहिलो
धागा तुटायची.
तुटला नाही.

बाहेर सासूबाईंनी गाठ सोडली,
पिना परत मोजल्या.
"काय विचारत होती गं एवढं?"
"अंगात लोखंड आहे काय म्हणून."
"मग?"
"नाही म्हटलो."

त्यांनी जोडवी माझ्या बोटात चढवली,
जरा जोरानंच.
मग रिक्षाकडं बघत बोलल्या,
"आमच्या वेळी प्लास्टिकचं असायचं."