दोन टिंबं

कार्ड्लाच्या वाचनालयात बुधवारी चार वाजताच अंधार.
रास्मुस म्हणाला, आज माऊस खणात ठेवू.
काळा पडदा, त्यावर उघडझाप करणारी एक रेघ,
लांबच्या दीपस्तंभासारखी, पण घाईत.

मी हेल्वे. चौतीस वर्षं या बेटावर टपाल वाटलं.
आधी विचारा, मी कुठे आहे, तो म्हणाला.
पीडब्ल्यूडी. तीन अक्षरं.
उत्तर आलं तिरप्या रेघांनी जोडलेलं:
मुळापासून घरापर्यंत, घरापासून माझ्या नावापर्यंत.
हे मला कोण शिकवणार?
आमच्या घरांना नंबर नव्हते, नावं होती.
पाकिटावर एवढंच असायचं:
जुनिपरच्या झुडपांमागे, आल्माला.
पोचायचं.

एलएस म्हणजे नजर फिरवणं.
टिंबाने सुरू होणारी नावं त्यात दिसत नाहीत,
ती हवी तर वेगळं अक्षर जोडून विचारावं लागतं.
असं एक घर होतं माझ्या वाटेवर.
मी जोडलं नाही.

मग सीडी, आणि पुढे 'हिवाळा फोटो'.
शब्द जास्त झाले, यंत्र म्हणालं.
दोन नावांमधल्या रिकाम्या जागेत ते अडखळतं,
बर्फ संपून डांबर लागलं की स्लेज अडखळते तसं.
तीन अक्षरं लिहा, मग टॅब, रास्मुस म्हणाला.
उरलेलं नाव त्यानंच पुरं केलं.
माझी बहीण करायची असं.
मला तेव्हाही आवडत नसे.

पटलं ते हे:
काम झालं की यंत्र काही बोलत नाही.
शाबासकी नाही, घंटा नाही,
खालच्या ओळीवर पुन्हा ती रेघ, बस.
चुकलं तरच तोंड उघडतं.
नवखे याला घाबरतात, असं रास्मुसला वाटतं.
त्याची आई समुद्रापलीकडची.
मी विल्लूला अकरा वर्षं पत्रं दिली.
तो दारात यायचा, घ्यायचा, दार लोटायचा.
एकदाच बोलला: हे माझं नाही.

शेवटी मी फार आत गेले.
फोल्डरात फोल्डर, वाटेचं नाव दीड ओळ लांब.
सीडी, एक जागा, टिंब, टिंब,
म्हणजे एक पायरी वर. पुन्हा. पुन्हा.
इन्नाने तोवर अर्धे दिवे घालवले होते.
न सांगता विचारलं, मी कुठे आहे.
तिरपी रेघ. एवढीच.

याच्या वर काही नाही, रास्मुस म्हणाला,
तरी करून बघा.
केलं. तिथेच राहिले.
यंत्र गप्प.
मी बूट चढवले.