सुपारीचं वजन

डॉ. खैरनार म्हणाल्या, उपाशी ठेवायचं नाही.
आठवड्याला शंभर ग्रॅम, बस. घाई नको.
आणि द्राक्ष, नाशकात राहत असलात तरी,
एकही नाही.

सुपारी टेबलावर पसरलेली,
अकरा किलो चारशे.
पाय कुठे सुरू होतात ते दिसत नव्हतं.

दादांनी नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं कागद मोजले,
एक इकडचा तिकडे नाही.
आता रोज सकाळी
स्वयंपाकघरातला काटा पुसून
तिचे दाणे तोलतात.
जास्तीचा एक पडला तर परत डब्यात.

तरी महिनाभर वजन हलेना.
मग दिसलं,
चारच्या चहाला अजून दोन बिस्किटं निघतात.
एक त्यांचं.
दुसरं आईचं,
जे आता सुपारी खाते.

मी बोलले नाही काही.
दुसऱ्या दिवशी बशीत काकडीच्या चकत्या ठेवल्या.
सवयीनं त्यांनी पहिली चहात बुडवली,
थबकले,
आणि तोंड वाकडं करत स्वतःच खाल्ली.
दुसरी तिला दिली, कोरडी.

परवा ती जिन्याच्या तीन पायऱ्या
आपली आपण चढली.
चौथीवर दादा बसून होते,
हात मांडीखाली दाबून.