खसबला उतरताना

मथुआत्या,
जहाज मंगळवारी आठला धक्क्याला लागेल.
आठ आमच्या घड्याळातले. तुमच्यातलं
दोह्यापासून एक तास मागे रेंगाळत असेल,
ते आधी पुढे कर. परतायची वेळ
पेनाने तळहातावर लिही,
कागद इथला वारा नेतो.

नाश्त्याला बसू नकोस. पहिल्या पन्नासांत उतर.
दहानंतर डोंगर तापतात,
आणि विझवलेल्या चुलीसारखे
रात्रीपर्यंत आतून तापलेलेच राहतात.

गेटाबाहेर टॅक्सीवाला वीस रियाल म्हणेल.
सुरमईच्या भावाला हलवतेस
ती मान हलव. दहावर येतो.
साडीवर बूट घाल. हसणारे हसोत,
किल्ल्याच्या पायऱ्या त्यांनाही चढायच्या आहेत.
किल्ल्याच्या अंगणात जुन्या होड्या ठेवल्यात, कोरड्या,
त्यांच्याजवळ फार थांबू नकोस,
उगाच वेंगुर्ला आठवेल.

इराणहून येणाऱ्या लहान बोटी दिसतील.
जाताना ताडपत्रीखाली काय असतं
ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून
कुणी बघत नाही. तूही फोटो काढू नकोस.
बोकड उतरत असले तर त्यांचा काढ.

मग गलबत घे. स्पीडबोट नको, कंबर धरेल.
जाताना डावीकडे बस, सावली तिकडे.
उबैद कोला पुढे करेल, तू कहवा माग.
पुरे झाला की पेला हलवायचा,
नाही हलवलास तर तो ओततच राहतो.
पहिल्या दिवशी माझे नऊ झाले होते.
त्याची शिट्टी ऐकून डॉल्फिन येतात म्हणतो.
खरं तर ते आधी येतात,
शिट्टी तो नंतर वाजवतो.

आणि खाडी जिथे डोंगरांत शिरते
तिथे एक बेट आहे, पायथे उरलेल्या भिंतींचं.
सगळे पाण्यात उड्या मारतील,
कलिंगडाच्या फोडी फिरतील,
या भिंती कसल्या, कुणी विचारणार नाही.
तू विचारशील म्हणून सांगतो:
तारघर होतं.
मुंबईकडची केबल समुद्राखालून
इथवर आली होती. साहेबलोक या उन्हात बसून
कडकट्ट करत. चार-पाच वर्षांत गाशा गुंडाळला.
तू एकतीस वर्षं बसलीस.
तुझं बोट अजून ताटाच्या काठावर
बोलता बोलता वाजतं,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांची तार याच पाण्यावरच्या
कुठल्याशा बंदरातून निघालेली.
तूच ऐकलीस. तूच उतरवलीस,
स्वच्छ अक्षरात. सात शब्द.
शिक्का मारलास,
आणि शिपायाला हाक न मारता
भर उन्हात आमच्या घरापर्यंत चालत आलीस.
भाऊ तुझाच होता.

हे या यादीत बसत नाही. खोडणार होतो.
राहू दे.

साडेतीनला परत फीर. चारनंतर रांग लागते.
मी धक्क्यावरच असेन, नारिंगी जाकिटात,
पण नारिंगी जाकिटं अकरा आहेत.
ड्यूटीवर प्रवाशांशी बोलायचं नाही,
असा नियम. पासासाठी तीनदा अर्ज केला,
तिन्ही वेळा साहेब रजेवर.
सोलं आणली असशील तर गेटावरच्या
गिरीशनकडे ठेव. डब्यात नको,
डबा उघडायला लावतात.

पाचला दोर सुटतील.
तिसऱ्या खुंट्याशी मी.
तू धक्क्याकडच्या कठड्याला ये.
गणपतीच्या सुट्टीत पाटावर मला शिकवलंस
ते विसरलेलो नाही, थोडा हळू वाचतो इतकंच.
इंजिनाच्या आवाजात ठोके ऐकू यायचे नाहीत,
म्हणून सबंध हाताने सांग: लांब, आखूड.
लोक समजतील, म्हातारी टाटा करतेय.

शब्द थोडे घाल.
तू शब्दागणिक पैसे मोजून घेणारी,
तुला काय सांगायचं.