दोन बोटं कमी

आमच्या डोक्यावर लाकूड नाही, लोखंड नाही.
नऊ फूट लांब, दीड फूट रुंद
अशा अकरा पटिया
भिंतीपासून भिंतीपर्यंत आडव्या निजलेल्या.
पुण्याची मावसबहीण विचारते, पटिया म्हणजे गं?
फरशी, मी सांगते. वर घातलेली.
ती हसते. फरशी कधी वर असते का?
ग्वाल्हेरात असते.

दिवाळीनंतर कपाटावर भुकटी पडू लागली,
विटकरी, चाळणीतून उतरावी तशी.
ठेकेदार आला. पुरतं वर न बघताच म्हणाला,
सगळं काढा, स्लॅब टाका,
आणि कागदावर एक आकडा लिहिला.
मी तो मनात साड्यांनी भागला,
एका साडीचा फॉल, एका साडीचं बिडिंग.
आयुष्य पुरेना.

मग माधौगंजातून हरविलास आला,
सायकलच्या दांडीला लाकडी मोगरी बांधून.
घोडा मांडला, चढला,
खालून एकेक ठोकत गेला.
सातवीपाशी थांबला. पुन्हा ठोकली.
सुना आपने?
माझा डावा कान टायफॉइडनं नेला,
उजवा मशीनच्या खडखडाटानं निम्मा.
नाही, म्हटलं.
तो उतरला. आप चढो. हाथ रखो.

तीस वर्षं या खोलीत,
आणि छताला हात आज पहिल्यांदा.
थंड होतं. जरा खरबरीत,
कोऱ्या खादीसारखं.
त्यानं शेजारची ठोकली :
तळहातातून कोपरापर्यंत मुंग्या आल्या.
सातवी ठोकली :
काही नाही.
कुणी दार उघडत नाही तसं काही नाही.

भुकटी पडत होती ती तिसरीतून,
तिचा नुसता पापुद्रा सुटलेला. ती ठणठणीत.
मेलेली होती ती सातवी, गुळगुळीत, बिनडागाची,
बरोब्बर माझ्या मशीनवरची.
कब से? मी विचारलं.
त्यानं खांदे उडवले. आजूबाजूवालियों ने पकड़ रखी है.

सहा माणसं, दोर, दोन बल्ल्या.
वरचा चुन्याचा कोबा छिन्नीनं उकरला,
आणि ती दोन तुकड्यांत खाली आली, न कुरकुरता.
एक रात्र तसंच.
दीड फुटाची एक काळी पट्टी,
तिच्यात मोजून चार तारे आणि कार्तिकातली थंडी.
मी दोन गोधड्या घेऊन जागी राहिले.
मांजर वरून डोकावून गेलं.

घाटीगावची नवी पटिया ट्रॅक्टरवरून आली,
हिरवट पांढरी.
उचलली, टेकवली,
आणि सगळे गप्प झाले.
दोन बोटं कमी.
खाणीतल्या कुणाचा तरी हात माझ्या हातापेक्षा मोठा होता,
त्यानं वितींनी मापली होती.

हरविलासनं शिवी दिली नाही.
बिडी ओढली. अंगणात पडलेल्या जुन्या सातवीकडे
बराच वेळ पाहत बसला.
मग तिच्याच एका तुकड्याचा तोडा घडवला,
भिंतीत वीतभर रोवला, चार बोटं बाहेर ठेवला,
आणि त्याच्यावर नवीचं टोक टेकवलं.

चुना, सुरखी, मेथीचं पाणी, गूळ.
मुंग्यांनी पहिल्या दिवशी गुळाचा हिशेब मागितला.
पंधरा दिवस ओली पोती, सकाळ-संध्याकाळ बादल्या.
रंग जुळला नाही, तो नाहीच.
दहा विटकरींत एक फिकी.
गिऱ्हाइकं मान वर करून म्हणतात, हे काय?
रफूत मी असं खपवून घेतलं नसतं.

तोड्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
पिशवीतून एक सदरा काढला,
कॉलर झिजून जाळी झालेली.
उलटी कर दो.
मी उसवली, उलटवली, शिवली.
दोरा एक छटा गडद निघाला.

त्यानं उजेडात धरून पाहिलं.
अंगठ्यानं शिवण दाबली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत,
सावकाश.
मग घातला.