फाटक क्रमांक एकोणीस

परगण्याच्या कचेरीने नकाशा दिलाय, मेणकापडाचा, घड्यांवर विरलेला.
जुन्या रुळांच्या वाटेने सायकलींचा रस्ता न्यायचा आहे,
जागा मोजून आण, म्हणाले.
जागा सापडते. रूळ नाहीत.

रूळ फेलिम मॅकगोल्ड्रिकच्या गोठ्यात, छपराखाली तुळई होऊन.
स्लीपर डोलनच्या कुंपणात उभे,
ऊन पडलंच कधी आयर्लंडच्या या कोपऱ्यात
तर अजून डांबर गाळतात.
तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोंबड्या राहतात.
‘थुंकू नये’ची पाटी शाबूत आहे.
त्या पाळतात, म्हणाली डोलनबाई, माझा नवरा पाळत नाही.

नकाशावर ही रेघ सरळ यायला हवी होती.
ड्रमकीलापाशी मात्र ती दीड मैल फुगते,
कारण कर्नलच्या बायकोला पडद्यांवर काजळी नको होती.
दीड मैल लोखंड, पडद्यांसाठी.
स्टेशनाला नाव मिळालं ‘ड्रमकीला रोड’.
नावात ‘रोड’ आलं की समजायचं, गाव इथे नाही,
गाव पावसात, पायी, बोचकं डोक्यावर घेऊन गाठायचं.

पुढे दलदल.
पहिल्या हिवाळ्यात तिने मुरूम गिळला, अकराशे गाड्या,
आणि ढेकरही दिली नाही.
मग काटक्यांच्या मोळ्या, मेंढ्यांची लोकर अंथरली
आणि त्यावर रूळ तरंगवले.
आज तिथे टेप धरून उभा राहिलो तर
पायाखाली काहीतरी हळूच खाली गेलं, वर आलं.

स्टेशनमास्तरची वही पाद्र्याच्या माळ्यावर मिळाली.
लोणी, चाळीस पिंपं. अंडी. डुकरं, जिवंत.
मे महिन्याचा एक मंगळवार, बंदराची तिकिटं:
जाऊन-येऊन नऊ,
एकेरी एकसष्ट.
अक्षर वळणदार, कुठेही शाई सांडलेली नाही.
फक्त एकसष्टच्या खाली रेघ दोनदा ओढलेली.

आणि हे फाटक, एकोणीस नंबर.
इथे अ‍ॅट्रॅक्टा गिलहूली राहायची,
घर फुकट, आठवड्याला चार शिलिंग,
बदल्यात झोप अर्धीच.
गाडी आली की फाटक रस्त्यावर आडवं,
गेली की रुळांवर.
मधलं काही नाही. नियमच तसा होता:
एक वाट उघडी तर दुसरी बंद.

एकोणसाठ साली गाडी थांबली.
पण शेवटची गाडी ती नव्हे.
शेवटची आली वसंतात, रूळ उपटणाऱ्यांची,
उलटी चालत, आपल्याच समोरची वाट उचलून
आपल्याच पाठीवर टाकत.
अ‍ॅट्रॅक्टाने कंदील घेऊन रस्ता अडवला, रीतसर.
गाडी सरकली. माणसांनी टोप्या काढल्या,
आणि तिच्या दारासमोरचे दोन रूळही काढले.
तिने फोरमनला विचारलं,
आता हे कुठल्या बाजूला लावू?
तो म्हणाला, बाई, मला स्क्रूचं विचारा.

तिची भाची सांगते, ती रात्रभर बाहेर होती.
सकाळी फाटक तिरकं होतं, दोराने बांधलेलं,
धड रस्त्यावर नाही, धड रुळांवर नाही.
तसंच राहिलं, ती गेली तोवर, अकरा वर्षं.
पोस्टमन कॉर्मॅक रोज तिथे सायकलवरून उतरायचा,
सायकल उचलून फटीतून काढायचा,
पुन्हा बसायचा.
तक्रार केली नाही?
कोणाकडे करणार, भाची म्हणाली, आणि कशाची?

आता एक खांब उरलाय, ब्लॅकबेरीच्या काट्यांत.
अंतर लिहिलं: दहा फूट चार इंच.
माझ्या फॉर्मवर शेवटचा रकाना आहे:
‘येथे सायकलस्वारांनी उतरणे आवश्यक आहे काय?’
चढ नाही. वळण नाही. रस्त्यावर दिवसाला सहा ट्रॅक्टर.
नियमात बसत नाही.
मी ‘होय’ लिहिलंय.
कारण विचारलं तर सांगेन काहीतरी, दलदल वगैरे.